वाढत्या घोडीसाठी बदलत्या कमानीचं खोगीर

कानपूरहून मागवलेलं हे सिंथेटिक खोगीर मला आवडलं. ज्यांच्याकडे अजून वाढणारं तट्टू आहे आणि बसणाऱ्याचे पाय लांब आहेत, त्यांनी ते जरूर बघावं. मात्र दुकानदार पहिल्यांदा बसणाऱ्याचं माप विचारतो. तुम्ही आधी घोड्याचं द्या.

आमची चांदणी साडेतीन वर्षांची आहे, सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या बाजारातून आणलेली. उंची 54 इंच, वजन अंदाजे 280 किलो. लेक सोळाची, पाच फूट आठ इंच, आणि त्यातली बरीचशी उंची मांड्यांतच गेलेली. तिचं वजन 48 किलो. बसणारा आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाच्या आत असावं असा ढोबळ नियम आहे, त्यात ती बसते. म्हणून वजनाची चिंता नव्हती. अडचण लांबीची होती.

लांब मांडीच्या माणसाला सगळे मोठी बैठक सुचवतात, साडेसतरा, अठरा इंची. पण तट्टूची पाठ तेवढी कुठे असते? घोड्याला फासळ्यांच्या अठरा जोड्या. शेवटची फासळी बोटांनी चाचपायची, ती वर कण्यापर्यंत कुठे जाते ते बघायचं, आणि तिथे खडूने खूण करायची. खोगिराची खालची, पाठीला टेकणारी गादी त्या खुणेच्या मागे जाता कामा नये, कारण तिथून पुढे कंबर सुरू होते आणि कमरेखाली आधाराला फासळ्या नाहीत. पुढची हद्द खांद्याच्या फऱ्याची. फरा प्रत्येक पावलागणिक मागे सरकतो, त्याला दोन-तीन बोटं मोकळी हवीत. या दोन खुणांमधली जागा हाच खोगिराचा सातबारा. चांदणीला सतरा इंची खोगीर जेमतेम मावतं, तेही मागे गादी वर उचललेली आहे म्हणून.

मग लांब पायांचं काय करायचं? त्याचं उत्तर बैठकीत नाही, फ्लॅपमध्ये, म्हणजे पायाखाली बाजूला लोंबणाऱ्या झडपेत आहे. फ्लॅप सरळ खाली उतरत असेल तर लांब मांडीचा गुडघा त्याच्या पुढे निघतो, बसणारा आपोआप मागच्या उठावावर सरकतो आणि सगळा भार कमरेकडे जातो. आम्ही जवळच्या एका क्लबचं जुनं चामड्याचं खोगीर घालून बघितलं तेव्हा लेक म्हणालीच, "बाबा, मी मागंच घसरून राह्यली, अन् चांदणी पाठ खाली दाबून राह्यली." या कानपुरी खोगिराचा फ्लॅप पुढे कापलेला आणि नेहमीपेक्षा लांब आहे. गुडघ्याचा टेकू वेल्क्रोवर बसवलेला असल्यामुळे हवा तिथे सरकवता येतो. आता तिचा कान, खांदा, कंबर आणि टाच एका रेषेत येतात. हे बघून मला फार बरं वाटलं, कारण पोरीला शाबासकी देण्याआधी घोडीचे कान पुढे आलेले दिसले, म्हणजे तीही निवांत.

कमान हा या खोगिराचा खरा मोठेपणा. पुढच्या भागात घोड्याच्या पाठीवर आडवी बसणारी लोखंडी कमान आहे, ती स्क्रू काढून बदलता येते. सोबत अरुंद, मध्यम आणि रुंद अशा तीन मिळाल्या. विंटेक या परदेशी कंपनीच्या खोगिरांत ही सोय जुनीच आहे. इथे ती निम्म्याहून कमी पैशांत मिळाली. वाढत्या घोड्याला ती का हवी? तो एकसारखा वाढत नाही. आधी मागचा भाग वर जातो, मग पुढचा. मागचा वर असतो तेव्हा खोगीर पुढे घसरून फऱ्यावर बसतं. कण्याची हाडं पक्की व्हायला साडेपाच-सहा वर्षं लागतात, तोवर पाठीचा आकार बदलतच राहतो. एवढ्यात महागडं मापाचं चामडी खोगीर घेणं म्हणजे पैसे पाण्यात.

माप मी मोटरपंपाच्या जाड केबलने घेतलं. फऱ्याच्या मागे दोन बोटं ती पाठीवर दाबून वाकवली, अलगद उचलून संत्र्याच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर ठेवली, पेन्सिलने रेघ मारली आणि तारीख टाकली. फोटो कानपूरला पाठवला. दर दोन-तीन महिन्यांनी नवा पुठ्ठा करतो. पेरणीआधीचा आणि दिवाळीचा असे दोन पुठ्ठे एकमेकांवर ठेवले तर फरक डोळ्यांना दिसतो. मधली कमान आता बसते, रुंद लवकरच लागेल.

घाशा, म्हणजे खोगिराखालचं कापड, जाड टाकून चुकीचं खोगीर जमवायला जाऊ नका. घट्ट खोगिराखाली जाड घाशा म्हणजे घट्ट बुटात आणखी एक मोजा. आम्ही पातळ सुती घाशा वापरतो. उतरल्यावर घाम बघायचा: दोन्ही बाजूंना सारखा ओला ठसा हवा. ओल्यात मधेच कोरडा डाग असेल तर बहुधा तिथे दाब आहे. तो तसाच राहू दिला तर पुढे त्या जागी पांढरे केस येतात.

आता उणिवा. वेल्क्रोमध्ये आमच्याकडची कुसळं अडकतात आणि काढता काढता जीव जातो. मेच्या उन्हात काळी बैठक तव्यासारखी तापते. पहाटेच बसायचं, दुसरा इलाज नाही. गादीत लोकर नसून फोम आहे, म्हणजे एक बाजू दबली तर भरून घेता येत नाही. उलट पावसाळ्यात चामड्यावर जी बुरशी चढते ती इथे नाही, नळाखाली धरलं की स्वच्छ, आणि वजन पाच किलोच्या आसपास.

रिकिबीच्या (पाय ठेवायच्या कडीच्या) वाद्या सोबत 48 इंची आल्या. लांब पायाला त्या शेवटच्या भोकावरही आखूड पडतात; 54 इंची वेगळ्या मागवा. रिकीब बुटापेक्षा इंचभर रुंद हवी, नाहीतर पडताना पाय अडकतो. तंगही (पोटाखालून आवळायचा पट्टा) घोडीच्या घेराप्रमाणे मोजून घ्या, दोन्ही टोकांना लवचिक पट्टी असलेला.

खोगीर आणि तीन कमानी मिळून साडेचौदा हजार पडले. तंग, 54 इंची वाद्या, रिकिबी वेगळ्या. ज्यांचा घोडा सहा वर्षांच्या पुढचा आहे आणि पाठ स्थिरावलेली आहे, त्यांनी थोडे जास्त पैसे घालून लोकर भरलेलं चामडी खोगीर घ्यावं.