कॅम्पर व्हॅनची बॅटरी कोण उतरवतंय? शोधायचे मार्ग आणि त्यातला तुमच्यासाठी कुठला

एप्रिलमध्ये पंधरा दिवस उभी राहूनही अर्ध्या सेल्फला सुरू होणारी आमची ट्रॅव्हलर जुलैत आठव्या दिवशी नुसती टक्-टक् करू लागली. गाडी २००८ची. आत ओटा, दोन बाक, छोटा फ्रिज, टपावर शंभर वॅटचं सोलर पॅनल, आणि पुढच्या बॅटरीशिवाय मागे बाकाखाली घरासाठी वेगळी बॅटरी. अशा जुन्या कॅम्परची बॅटरी उतरायला लागली की लोक वेगवेगळे सल्ले देतात आणि सगळेच एका अर्थी बरोबर असतात. त्यातले बरेच मी करून पाहिले. कुठल्या गाडीला कुठला मार्ग लागू पडतो ते इथे सांगतो, कारण आम्ही चुकीच्या मार्गाने सुरुवात केली आणि एका नव्या बॅटरीचे पैसे विनाकारण गेले.

मार्ग कुठलाही घ्या, आधी खुद्द बॅटरी तपासा. ती पूर्ण चार्ज करा, दोन्ही टर्मिनल काढा आणि रात्रभर तशीच ठेवा. सकाळी व्होल्टेज १२.६च्या आसपास असेल तर बॅटरी ठीक आहे, करंट गाडीत कुठेतरी जातोय. काहीच जोडलेलं नसताना १२.२ किंवा त्याहून खाली आली असेल तर गाडीत शोधत बसू नका, बॅटरीच संपली आहे. पाण्याची बॅटरी असेल तर दुकानदाराकडून हायड्रोमीटरने (आतल्या अ‍ॅसिडची घनता मोजणारी नळी) सहाही सेल बघून घ्या. एकाच सेलचं रीडिंग बाकीच्यांपेक्षा खूप खाली असेल तर दोष तिथेच आहे. ही तपासणी फुकट होते. आम्ही ती केली नाही, म्हणून इतकं ठासून सांगतोय.

टेस्ट लॅम्प आणि ठिणगी

गॅरेजमधली ही जुनी आणि झटपट रीत. मायनस टर्मिनल काढायचं, ते आणि बॅटरीचा खांब यांच्यामध्ये बल्ब लावायचा. बल्ब पेटला तर लीकेज आहे, म्हणजे गाडी बंद असतानाही करंट कुठेतरी जातोय. पाच वॅटचा बल्ब पूर्ण पेटायला सुमारे ०.४ अँपिअर लागतात. करंट त्याच्या चौथाई असला तर तार जेमतेम लाल होते आणि उन्हात ती दिसतही नाही. शून्य पॉइंट एक अँपिअर म्हणजे दिवसाला २.४ अँपिअर-तास, महिन्याला ७२. पुढची बॅटरी कोरडी करायला एवढं पुरतं. एलईडीचा टेस्टर घेतलात तर उलट गडबड होते, स्टिरिओच्या मेमरीएवढ्या करंटलाही तो झगझगीत पेटतो.

तरीही या रीतीचा एक मोठा फायदा आहे. कुठे थेट शॉर्ट असेल तर बल्ब सगळा करंट स्वतःवर घेतो, मीटर जळत नाही. म्हणून पहिली चाचणी बल्बने करावी असं माझं आजही मत आहे. फक्त निकाल तिच्यावर सोडू नये.

आमच्याकडे ते सोडलं गेलं. ओळखीचे वायरमन आले, मायनस काढलं, खांबाला टेकवून पाहिलं, ठिणगी जवळजवळ नाहीच. "लीकेज नाही दादा, बॅटरी गेली." नवी बॅटरी बसली. बाराव्या दिवशी तीही टक्-टक्.

मल्टिमीटर सिरीजमध्ये, आणि एकेक फ्यूज काढत जाणं

काही शे रुपयांचा साधा मीटर इथे चालतो. लाल पिन १० अँपिअरच्या भोकात घालायची, मीटर मायनस वायर आणि खांबाच्या मध्ये जोडायचा, दारं बंद करायची किंवा दाराचा स्विच दाबून बांधायचा, आणि आकडा बघायचा. कॉम्प्युटर नसलेल्या जुन्या गाडीत घड्याळ आणि स्टिरिओ मिळून साधारण २० ते ३० मिलिअँपिअर दिसावेत. ५०च्या वर गेलं की शोध सुरू. मग फ्यूजबॉक्समधला एकेक फ्यूज काढा, ज्याला आकडा पडेल ती लाइन दोषी. मीटर लावलेला असताना सेल्फ मारू नका, ग्लो प्लगसाठी (डिझेल इंजिन सुरू होण्याआधी तापवणारे प्लग) चावीही फिरवू नका. मीटरचा फ्यूज किंवा खुद्द मीटरच त्या क्षणी जाऊ शकतो.

कंपनीतून आली तशीच राहिलेली गाडी असेल तर हाच मार्ग पुरेसा आहे, पुढचं वाचायचीही गरज नाही. कॅम्परमध्ये मात्र तो अर्धवट पडतो. घराची वायरिंग सहसा फ्यूजबॉक्समधून जातच नाही. ज्याने आतलं काम केलं त्याने पंप, दिवे, चार्जिंगचं सॉकेट, दोन बॅटऱ्या जोडणारा रिले (करंट मिळाला की आपोआप लागणारा स्विच), सगळं थेट बॅटरीच्या प्लसवरून ओढलेलं असतं, फार तर वायरीत एखादा फ्यूज घातलेला असतो. बॉक्समधले सगळे फ्यूज काढले तरी आकडा हलत नाही आणि माणूस चक्रावतो. इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरची जाड वायरही या बॉक्सला वळसा घालून जाते. करंट एकाच दिशेने जाऊ देणारा त्याचा डायोड खराब झाला तर करंट उलटा वाहतो आणि फ्यूज काढून तो कधीच सापडत नाही. त्यासाठी बॅटरी सोडवून अल्टरनेटरची मोठी वायर काढायची, तिचं टोक टेपने गुंडाळायचं आणि बॅटरी जोडून पुन्हा मोजायचं.

फ्यूज न काढता त्याच्या डोक्यावरच्या दोन उघड्या टोकांवर मिलिव्होल्ट मोजायची रीतही आहे. नव्या गाड्यांत फ्यूज काढल्यावर झोपलेले कंट्रोल युनिट जागे होतात, तिथे ती उपयोगी. २००८च्या आसपासच्या साध्या डिझेल गाडीला तिची फारशी गरज नाही.

आता आमच्या गाडीतली खरी खूण. मीटर लावायला मी पुढच्या बॅटरीचं मायनस काढलं, आणि डॅशबोर्डवर स्टिरिओचं घड्याळ चालूच. मी पाना हातात घेऊन त्या हिरव्या आकड्यांकडे बघत राहिलो. मायनस सुटलेलं असताना घड्याळाला करंट येतो कुठून? मागच्या बॅटरीतून. दोन्ही बॅटऱ्या एकमेकींना जोडलेल्या राहिल्या होत्या. म्हणूनच वायरमनना ठिणगी दिसली नाही, दोन्हीकडे व्होल्टेज सारखंच होतं. मीटरचा आकडाही ठरत नव्हता, कधी एक अँपिअर, कधी निम्मा, कारण दोन बॅटऱ्या आपसात देवाणघेवाण करत होत्या. तुमच्या गाडीत दोन बॅटऱ्या असतील तर मोजण्याआधी त्यांच्यामधली जाड वायर सोडवा. ही पायरी गाळली तर पुढचे सगळे आकडे फसवे. शिवाय अशा गाडीत एक मायनस काढलं म्हणजे गाडी मेली असं समजून प्लसजवळ पाना चालवू नका. अंगठी आणि कडं काढून ठेवा.

डीसी क्लॅम्प मीटर

माझी पसंती याला. वायर न काढता तिच्याभोवती जबडा लावायचा आणि करंट वाचायचा. एकही जोड सुटत नाही, गाडी जशी उभी आहे तशीच राहते. दुकानात दोन गोष्टींची खात्री करून घ्या. घरगुती वायरिंगवाले वापरतात ते बरेचसे क्लॅम्प फक्त एसी करंट वाचतात, बॅटरीवर ते शून्यच दाखवणार. आणि डीसी वाचणारा असला तरी त्याची बारीक रेंज बघा. ६०० अँपिअरवाल्या मीटरवर शेवटचा आकडा ०.१चा असेल तर लहान लीकेज त्याला दिसणार नाही. ०.०१ किंवा त्याहून बारीक हवा. अशा मीटरला काही हजार रुपये पडतात. दर वेळी वायरीजवळ धरून झीरो करा, जागा बदलली की आकडा सरकतो. बारीक वायर असेल तर ती जबड्यातून पाच वेळा गुंडाळा आणि आलेल्या आकड्याला पाचाने भागा.

क्लॅम्पने आमचा चोर वीस मिनिटांत सापडला. मधली जाड वायर आधीच सोडवली होती. पुढच्या मायनसवर ०.७४. मग प्लसच्या खांबावरच्या वायरी एकेक करून मोजल्या. सेल्फची जाड वायर शून्य, फ्यूजबॉक्सची ०.०३, आणि लगखाली दाबलेली एक बारीक लाल वायर, टेप वितळून चिकट झालेली, तिच्यावर ०.७१. ती वायर सीटखालून थेट दोन बॅटऱ्या जोडणाऱ्या रिलेच्या कॉइलपर्यंत, म्हणजे स्विच ओढणाऱ्या तारेच्या गुंडाळीपर्यंत, गेली. रिलेला हात लावला तर चहाच्या ग्लासासारखा गरम, इंजिन आदल्या दिवसापासून बंद असताना. इंजिन चालू असेल तेव्हाच रिले ओढावा म्हणून ती वायर चावीनंतरच्या, म्हणजे चावी फिरवल्यावरच करंट येणाऱ्या, लाइनवरून यायला हवी होती. काम करणाऱ्याने ती सरळ बॅटरीवर घेतली होती.

घराच्या बाजूला आणखी ०.१८ होता: गॅसचा अलार्म, यूएसबी सॉकेटवरचा निळा व्होल्टमीटर, असलं किरकोळ. दोन्ही मिळून ०.९२, म्हणजे दिवसाला २२ अँपिअर-तास. उन्हाळ्यात शंभर वॅटचं पॅनल एवढं रोज भरून काढायचं, म्हणून एप्रिलमध्ये काही कळलंच नाही. दोष वर्षभर होता, पावसाने तो उघडा पाडला. म्हणून कुठल्याही मार्गाने मोजा, पण पॅनलवर ताडपत्री टाकून किंवा रात्री मोजा.

शंट मॉनिटर

शंट म्हणजे करंट मोजण्यासाठी वायरीत घालायचा छोटा जोड. तो मागच्या बॅटरीच्या मायनसवर कायमचा बसवायचा. किती करंट येतो, किती जातो, किती अँपिअर-तास उरले, सगळं पडद्यावर किंवा मोबाइलवर दिसतं. तो चोराचं नाव सांगत नाही, पण चोरी सुरू झाली त्याच दिवशी सांगतो. गाडी वर्षानुवर्षं ठेवायची आणि महिन्यातून दोनदा बाहेर काढायची असेल तर क्लॅम्पच्या जोडीने घ्या. मात्र घराची प्रत्येक मायनस वायर शंटच्या पलीकडच्या बाजूला यायला हवी, एखादी थेट खांबावर राहिली तर तिचा हिशेब लागत नाही. फक्त हा दोष शोधण्यासाठी मात्र हा खर्च नको.

कट-ऑफ स्विच

"मायनसला एक स्विच बसवा, मिटलं." हा सल्ला सर्वांत जास्त मिळतो, आणि कॅम्परसाठी मला तो सर्वांत धोक्याचा वाटतो. आमच्या गाडीत पुढच्या मायनसला स्विच बसवला असता तर काहीच बंद झालं नसतं. घड्याळाने ते दाखवलंच. कॉइल मागच्या बॅटरीवर चालू राहिली असती आणि आम्ही निर्धास्त झालो असतो. गरम होणारी वायर प्लायवूडच्या मागे तशीच राहते, हे तर वेगळंच. दोष काढून झाल्यावर, महिनाभर उभ्या राहणाऱ्या गाडीला स्विच उत्तम, पण दोन्ही बॅटऱ्यांना एकेक. इंजिन चालू असताना तो कधीही फिरवू नका, अल्टरनेटरचे डायोड जाऊ शकतात.

मग कोणी काय करावं

घराची वायरिंग वेगळी नसेल, एकच बॅटरी असेल तर साधा मल्टिमीटर आणि रविवारची सकाळ पुरे. दोन बॅटऱ्या आणि रिले असेल, आणि काम दुसऱ्या कोणी केलेलं असेल, तर क्लॅम्प विकत घ्या किंवा कोणाकडून मागून आणा, आणि प्लसच्या खांबापासून सुरुवात करा, फ्यूजबॉक्सपासून नव्हे. शंका अल्टरनेटर किंवा सेल्फवर जात असेल तर चांगल्या ऑटो इलेक्ट्रिशियनला पर्याय नाही, ती माणसं ते आपल्यापेक्षा कितीतरी लवकर ओळखतात. त्यांच्याकडे जाताना आतल्या वायरिंगचं हाताने काढलेलं चित्र घेऊन जा, दुसरी बॅटरी आहे हे आधी सांगा. आमच्या वायरमनना आम्ही ते सांगितलं नव्हतं आणि बाकाखाली ती त्यांना दिसणार तरी कशी?

आमच्या रिलेची वायर आता चावीनंतरच्या लाइनवर आहे, मध्ये पाच अँपिअरचा फ्यूज घालून. पुढच्या बॅटरीवर ०.०३ उरलाय. मागच्या बाजूला व्होल्टमीटरला स्विच दिला. गॅसचा अलार्म मात्र मुद्दाम स्विचवर घेतला नाही. गाडी उभी करताना सिलिंडर उतरवतो आणि तेव्हाच त्याचा फ्यूज काढतो. आत झोपायचं असेल तेव्हा तो चालू आहे की नाही हा प्रश्नच पडायला नको, मग दिवसाचे तीन अँपिअर-तास गेले तरी चालतील.