कंपनीच्या रेकॉर्डमधून घरचा पत्ता काढून देतो म्हणणाऱ्यांपासून सावध

घरच्या पत्त्यावर प्रायव्हेट लिमिटेड कंपनी काढली असेल तर हे वाचाच. ‘सरकारी रेकॉर्डमधून तुमचा पत्ता, मोबाईल लपवून देतो’ असा फोन आला की तिथल्या तिथे कापा. माझे 33,320 रुपये गेलेत.

माझी मसाल्यांची छोटी कंपनी आहे. माल नागपूरजवळच्या हिंगण्याच्या शेडमध्ये तयार होतो, पण नोंदणीकृत कार्यालय म्हणून नागपुरातलं मनीषनगरचं घर दाखवलं होतं. सुरुवातीला बहुतेक जण हेच करतात. नोंदणी झाली तेव्हापासून कर्जवाले, वेबसाइटवाले, ट्रेडमार्कवाले पिच्छा सोडत नाहीत. तेही सोसलं. पण 2024 च्या उन्हाळ्यात उधारीवरून बिनसलेला एक माणूस थेट घरी येऊन धडकला, आणि घरात सासूबाई एकट्या. “कोण येऊन राहिलं गं आपल्या घरी?” हे त्या पुढे कितीतरी दिवस विचारत होत्या. सप्टेंबरात तो फोन आला तेव्हा मी ऐकून घेतलं ते यामुळे.

त्याला माझा डिन (संचालकाचा सरकारी ओळख क्रमांक), नोंदणीची तारीख, दुसरा संचालक कोण, सगळं तोंडपाठ. मग व्हॉट्सअ‍ॅपवर सासूबाईंच्या नावाचं वीजबिल आलं. कंपनी काढताना जोडलेलं, तेच. सोबत त्यांचं ना-हरकत पत्र, खाली त्यांची थरथरलेली सही. पोटात गोळाच आला. हे कागद सरकारी माणसाशिवाय कोणाकडे असणार, असं कोणालाही वाटेल! खरी गोष्ट अशी की कंपनी कायदा 2013 च्या कलम 399 नुसार कोणीही कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या एमसीए पोर्टलवर 100 रुपये भरून कुठल्याही कंपनीचे दाखल केलेले कागद पाहू शकतो.

आधी अर्जाचे 4,720 घेतले, जीएसटीसकट, बिल देऊन. मग ‘गोपनीयता प्रमाणपत्रा’चे 23,600. प्रमाणपत्र आलंही, वर तीन सिंह. ओटीपी मागितला नाही, लिंक पाठवली नाही. ज्या गोष्टींपासून जपा म्हणून सगळे कानीकपाळी ओरडतात, त्यातलं त्याने काहीच केलं नाही.

तिसऱ्यांदा 5,000 मागितले, ‘डिनच्या केवायसीचा दंड’ म्हणून. इथे कळायला हवं होतं. तेव्हा मुदत 30 सप्टेंबरची होती, मुदतीत केवायसी केली तर एक रुपया लागत नव्हता, 5,000 लागायचे ते मुदत टळल्यावर. माझा सीए तेव्हा दरवर्षी करायचा, मला हे माहीत होतं. पण घरात महालक्ष्म्या बसलेल्या, पुरणाचा हात कसाबसा पुसून फोन धरलेला, आणि तो म्हणतोय, “मॅडम, आज नाही भरलं तर डिन बंद पडेल.” यूपीआयच्या स्क्रीनवर कुणा माणसाचं नाव आलं, सरकारी खात्याचं नाही. मी ते नाव वाचलं आणि पिन टाकला. त्याची चीड अजून जात नाही. सरकारी फी पोर्टलच्या आतच भरली जाते, एसआरएन म्हणजे अर्जाचा नंबर मिळतो. कुणाच्या यूपीआयवर ती कधीच जात नाही.

पुढची कथा आणखी संतापजनक. पोलीस ठाण्यात गेले तर “हे सायबरचं काम.” तिथे गेले तर “मॅडम, इथे लाखांच्या केसेस पडून आहेत.” 33,320 रुपये म्हणजे माझ्या दोन बायांचे पगार, ते कोणाला सांगायचं? बँक म्हणाली, पैसे तुम्हीच पाठवले. कंपन्यांच्या नोंदीवाल्या कार्यालयाला लिहिलं की म्हाताऱ्या बाईचं वीजबिल कोणालाही कसं दिसतं, तर एका ओळीचं उत्तर: कागदपत्रे सार्वजनिक आहेत. तक्रार बंद. कागद आम्ही सक्तीने द्यायचे, आणि त्यांच्या जोरावर कोणी लुटलं तर जबाबदार कोणीच नाही?

पैसे गेल्याबरोबर 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, पोलीस ठाण्याचे खेटे नंतर. मला उशीर झाला, तोवर खातं रिकामं झालं होतं.

संचालकाचा पत्ता लपवणारं असलं कुठलंही प्रमाणपत्र आपल्याकडे नाही. करता येतं ते एवढंच की कार्यालय दुसरीकडे हलवायचं. त्याच शहरात असेल तर संचालक मंडळाचा ठराव आणि 30 दिवसांत आयएनसी-22 हा पत्ताबदलाचा फॉर्म. जीएसटीतला पत्ताही बदला. जुने कागद मात्र पोर्टलवर तसेच राहतात. नवी कंपनी काढणाऱ्यांनी पहिल्या दिवसापासून वेगळं सिम, वेगळा ईमेल घ्यावा, आणि जमलं तर भाड्याची खोली.

त्या माणसाचा नंबर अजून सुरू आहे. परवा इतवारीतल्या ओळखीच्या एका व्यापाऱ्याला त्याचाच फोन आला, वीजबिलाच्या फोटोसकट.