विळा की ग्रास कटर? एकरभर बागेतलं गवत साठवताना

एकरभर वरकस म्हणजे डोंगरउताराची हलकी जमीन, त्यात हापूसची कलमं, गोठ्यात दोन-तीन गुरं. असं घर असेल तर ऑक्टोबर लागला की हा प्रश्न येतोच. गवत विळ्याने काढावं की ग्रास कटर घ्यावा? मी दोन्ही वापरतो. माझं मत आधीच सांगतो: कापणी किती लवकर होते यापेक्षा कापलेलं गवत किती लवकर गोळा होतं, ते बघून ठरवा.

विळ्याने माझ्या हातून दिवसाला चार-पाच गुंठे होतात. दाट गवतात त्याहून कमी. पण मूठ धरून कापलेलं गवत बुंधे एकीकडे, शेंडे एकीकडे असं आडवं पडतं. वाळलं की त्याच्याच काड्यांचा पीळ देऊन पेंड्या बांधायच्या, वेगळं गोळा करत बसावं लागत नाही. कलमाच्या बुंध्याशी, बांधाच्या कडेला आणि चिऱ्याचे दगड वर आलेल्या जागी तर विळाच हवा. मशीनचं पातं लहान कलमाला लागलं की साल सोलली जाते. मात्र विळ्याचा हात गवतात खाली जातो आणि आपल्या कोकणातल्या कातळावर फुरसं हा छोटा विषारी साप असतो. आधी काठीने गवत हलवा, पायात बूट असू द्या.

ग्रास कटरने दुपारपर्यंत पंधरा-वीस गुंठे आडवे होतात. त्यावर नायलॉनची दोरी लावलीत तर बाग स्वच्छ दिसेल, पण गवताचा भुगा होईल आणि गुरांसाठी काही हाती लागणार नाही. वैरणीसाठी गोल दातेरी पातं लावा आणि उजवीकडून डावीकडे संथ फेक घेत चाला, म्हणजे गवत डाव्या हाताला ओळीने पडतं. डोळ्यांवर चष्मा हवाच. पात्याला दगड लागला की खडा गोळीसारखा उडतो, म्हणून पोरांना जवळपास फिरकू देऊ नका.

गेल्या वर्षी मशीनच्या जोरावर मी एका सकाळी १८ गुंठे कापले. घरात गोळा करायला माणसं दोन. दुपारी तीनच्या सुमाराला सह्याद्रीकडून ढग चढले आणि परतीच्या पावसाने सगळं भिजवलं. तिसऱ्या दिवशी गवत काळं पडलं, आंबूस वास येऊ लागला. गाईने हुंगलं आणि मान फिरवली. तेव्हापासून मशीन असलं तरी उद्या उलटून परवा उचलता येईल तेवढंच कापतो.

दहाच्या सुमाराला दव उडालं की कापायला लागा. दुसऱ्या दिवशी उलटा, संध्याकाळी दवाआधी छोटे ढीग करा, सकाळी पुन्हा पसरा. उघड्या कातळावर कडक उन्हात तीनेक दिवस पुरतात, कलमांच्या सावलीत जास्त लागतात. हिरव्या गवतात सत्तर-ऐंशी टक्के पाणी असतं. साठवताना ते पंधराच्या आसपास यावं लागतं. वाळलं की नाही कळायला जाड काडीचं पेर नखाने दाबा, ओल लागली तर थांबा. खात्री हवी असेल तर कोरड्या बरणीत मूठभर गवताचे तुकडे आणि चमचाभर कोरडं मीठ घालून हलवा. मिठाचे खडे धरले तर गवत ओलं आहे.

गवत फुलोऱ्यावर असताना कापलं तर कस राहतो. नोव्हेंबर सरेपर्यंत थांबलात तर कुसळी गवताची टोकदार कुसळं गुरांच्या तोंडात टोचतात आणि हातात पेंढ्यासारख्या काड्या उरतात. भाताचा पेंढा घरात आहेच, मग चांगलं गवत पेंढ्याच्या पातळीला का आणायचं?

अर्धा एकर आणि एक-दोन गुरं असतील तर विळाच घ्या, उरलेले पैसे दोन दिवसांच्या गड्याला द्या. एकर किंवा त्याहून जास्त असेल आणि गोळा करायला तीन-चार माणसं असतील, तर ग्रास कटर कामाचा आहे. पहिलं वर्ष भाड्याने आणा किंवा शेजाऱ्यांबरोबर मिळून घ्या. मजूर मिळतच नसेल तरी बुंध्यांसाठी एक विळा धार लावून ठेवा.

उडवी, म्हणजे वाळल्या गवताची गंजी, जमिनीवर रचू नका, खाली बांबूची माच घाला. रचल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी कोपरापर्यंत हात आत घालून बघा. ऊब लागली तर त्याच दिवशी उडवी मोडा आणि गवत पुन्हा उन्हात पसरा.