मिस युनिव्हर्स २०१८ चा फिनाले, राहिला असेल तर जरूर बघा

मिस युनिव्हर्स मी आवडीने बघते, पण १७ डिसेंबर २०१८ च्या थायलंडमधल्या फिनालेची सर दुसऱ्या कुठल्याच वर्षाला नाही. अमेरिकेत लोकांना रविवारी संध्याकाळी बघता यावं म्हणून थायलंडमध्ये सकाळी ७ लाच शो सुरू केला, म्हणजे मुली पहाटेपासून मेकअप करून तयार असणार, तरी एकीच्याही चेहऱ्यावर थकवा दिसत नाही.

बघायचं मेन कारण अर्थातच फिलिपीन्सची कॅट्रिओना ग्रे. स्विमसूट राउंडमध्ये ती चालता चालता गिरकी घेते आणि मध्येच एकदम स्लो मोशनमध्ये जाते, व्हिडिओ स्लो केलेला नाही हां, ती स्वतः तशी वळते, आणि मग परत वेग पकडते. मी तेवढाच तुकडा मागे घेऊन घेऊन बघितलाय. नंतर तो लाल गाऊन, मेयॉन ज्वालामुखीच्या लाव्हावरून माक तुमांगने डिझाइन केलेला, आणि तिच्या चालण्याला तर लोक लाव्हा वॉकच म्हणायला लागले. पण नुसतं चालणं नाही, शेवटचा प्रश्न होता आयुष्यात शिकलेला सगळ्यात महत्त्वाचा धडा कोणता, तर तिने मनिलातल्या तोंडोच्या झोपडपट्टीतल्या कामाबद्दल सांगितलं, तिथल्या मुलांच्या चेहऱ्यात सौंदर्य शोधायला शिकले म्हणाली. ठाम आवाज, कुठे अडखळणं नाही. क्राउन तिलाच मिळायला हवा होता आणि मिळाला.

माझी दुसरी लाडकी व्हिएतनामची ह'हेन निए. एडे या अल्पसंख्याक जमातीतली मुलगी, बारीक कापलेले केस, शिक्षणासाठी लोकांकडे घरकाम केलेली, आणि टॉप ५ पर्यंत आली, तोवर तिच्या देशातलं कोणी एवढं पुढे गेलं नव्हतं.

स्पेनची आंगेला पोन्से ही या स्पर्धेतली पहिली ट्रान्सजेंडर स्पर्धक. नियम २०१२ मध्येच बदलला होता पण प्रत्यक्षात कोणी यायला २०१८ उजाडलं. टॉप २० मध्ये ती नव्हती, तरी तिला एकटीला स्टेजवर चालायला दिलं आणि अख्खं ऑडिटोरियम टाळ्या वाजवत होतं, तेव्हा डोळ्यात पाणी आलं खरंच. परीक्षक पण सगळ्या बायकाच होत्या, हे मला फार आवडलं.

आता जे नाही आवडलं ते. ९४ मुली येतात, देशाचं नाव ओरडून सांगतात आणि सुरुवातीलाच टॉप २० जाहीर होऊन बाकीच्यांचा विषय संपतो, आपली नेहल चुडासमा पण त्यातच गेली. किती महिने तयारी केलेली असते या मुलींनी! प्रश्न पण कसले, कॅट्रिओनाला टॉप ५ मध्ये गांजा कायदेशीर करण्याबद्दल विचारलं आणि एवढ्या मोठ्या विषयावर बोलायला जेमतेम अर्धा मिनिट, तिने औषधापुरता चालेल असं स्पष्ट सांगितलं म्हणून निभावलं. वेळ वाढवायलाच हवा. ५ पैकी ४ स्टार देईन, एक याच्यासाठी कापला.

आणि नॅशनल कॉस्च्युमचा कार्यक्रम वेगळा झालेला, फिनालेत तो नीट दिसत नाही, तर तो पण शोधून बघा. ह'हेन बान्ह मी म्हणजे त्यांच्याकडचा भरलेला पाव, त्याचा ड्रेस घालून आलीये आणि कॅट्रिओना पाठीवर भलामोठा पारोल, ख्रिसमसचा कंदील, घेऊन चालते!