तारा खेळाडू राखावा की वेतनाची जागा (संघाच्या वेतनमर्यादेत नव्या खेळाडूंसाठी उरणारी रक्कम) मोकळी करावी?

या पेचात अमेरिकेतील एनबीए या बास्केटबॉल लीगमधील न्यूयॉर्क निक्स संघाचे उदाहरण बोलके आहे. फेब्रुवारी 2018 मध्ये डंक करून (उडी मारून चेंडू थेट बास्केटमध्ये घालून) उतरताना डाव्या गुडघ्याचा अस्थिबंध फाटलेल्या आपल्या तारा खेळाडूला, क्रिस्टॅप्स पोर्झिंगिसला, त्यांनी जानेवारी 2019 मध्ये डॅलसच्या संघाला दिले. सोबत टिम हार्डवे ज्युनियर आणि कोर्टनी ली यांचे महागडे करारही गेले. खर्चाच्या दृष्टीने सौदा चोख होता, पण मोकळ्या जागेत नवे तारे येतील याची खात्री मुळीच नव्हती: त्याच उन्हाळ्यात केव्हिन ड्युरंट आणि कायरी अर्व्हिंग या ताऱ्यांनी शेजारचा ब्रुकलिनचा संघ निवडला. निक्सला मिळालेला ज्युलियस रँडल मात्र 2021 मध्ये ऑल-स्टार (लीगमधील निवडक सर्वोत्तम खेळाडूंपैकी एक) झाला. टिकाऊपणाचे म्हणाल, तर पोर्झिंगिसची दुखापतींनी डॅलसमध्येही पाठ सोडली नाही. म्हणून धडधाकट, तरुण तारा राखावा. दुखऱ्या ताऱ्याचा मोठा करार तोंडावर असेल आणि दुय्यम खेळाडू घडवण्याचा धीर असेल, तरच जागा मोकळी करावी.