प्रगत मेलानोमासाठी उपचारपथकाची निवड : विशेष केंद्र, जवळचे रुग्णालय की दोहोंची सांगड

मेलानोमा म्हणजे रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशींचा, बहुधा त्वचेवर सुरू होणारा कर्करोग. २०११ च्या आधी प्रगत मेलानोमाच्या रुग्णाने कोणाकडे जावे, या प्रश्नाला फारसे वजन नव्हते. कोणाकडेही गेले तरी आयुष्य वाढवील असे औषध जवळजवळ नव्हते, आणि आजार दूरच्या अवयवांत पसरल्यानंतरचा काळ बहुधा महिन्यांतच मोजला जाई. त्या वर्षी मार्चमध्ये इपिलिमुमॅबला आणि ऑगस्टमध्ये वेम्युराफेनिबला अमेरिकेत मान्यता मिळाली, २०१४ मध्ये पेम्ब्रोलिझुमॅब व निव्होलुमॅब आली, आणि चेकमेट ०६७ या चाचणीत इपिलिमुमॅब व निव्होलुमॅब एकत्र घेतलेल्यांपैकी सुमारे ४३ टक्के रुग्ण दहा वर्षांनंतर हयात असल्याचे २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. औषधे आली तसा निवडीचा प्रश्नही खरा झाला. औषध उपलब्ध असले तरी ते कोणत्या क्रमाने दिले जाते, कोणत्या तपासण्यांच्या आधारावर दिले जाते आणि त्याचे दुष्परिणाम कोण किती लवकर ओळखते, यावर आता बरेच काही अवलंबून असते.

रुग्णासमोर साधारणपणे तीन मार्ग असतात. पहिला म्हणजे ज्या केंद्रात मेलानोमाचे स्वतंत्र पथक आहे तेथेच सगळे उपचार घेणे, मग ते घरापासून कितीही दूर असो. दुसरा म्हणजे जवळच्या रुग्णालयातील कर्करोगतज्ज्ञाकडे, म्हणजे जो सर्व प्रकारच्या कर्करोगांचे रुग्ण पाहतो त्याच्याकडे, संपूर्ण उपचार घेणे. तिसरा म्हणजे उपचाराची आखणी विशेष केंद्राने करावी आणि सलाइनमधून दिली जाणारी औषधे, रक्ततपासण्या व रोजची देखरेख जवळच्या रुग्णालयाने सांभाळावी, अशी वाटणी करणे.

पहिला निर्णय कोण घेते

या तिन्ही मार्गांत सर्वांत मोठा फरक पहिल्या उपचारापूर्वीच्या काही दिवसांत पडतो, असे माझे मत आहे. त्वचेच्या मेलानोमाच्या रुग्णांपैकी साधारण चाळीस ते पन्नास टक्क्यांच्या गाठीत बीराफ जनुकातील बदल सापडतो आणि त्यावर नेमका मारा करणाऱ्या गोळ्या उपलब्ध आहेत. या गोळ्यांनी गाठी झपाट्याने आकसतात, त्या घरी बसून घेता येतात आणि रुग्णालाही चटकन उतार दिसतो, त्यामुळे त्यांनीच सुरुवात करण्याचा मोह डॉक्टरांना आणि कुटुंबाला सारखाच होतो. मात्र ड्रीमसेक या चाचणीत हेच दोन क्रम समोरासमोर ठेवले गेले, तेव्हा आधी दुहेरी इम्युनोथेरपी, म्हणजे प्रतिकारशक्तीला कर्करोगाविरुद्ध मोकळे करणारी इपिलिमुमॅब व निव्होलुमॅब ही दोन औषधे एकत्र, घेतलेल्या गटातील सुमारे ७२ टक्के रुग्ण दोन वर्षांनी हयात होते, तर आधी गोळ्या घेतलेल्या गटात हे प्रमाण सुमारे ५२ टक्के होते. औषधे दोन्ही गटांना तीच ठरलेली होती, फक्त क्रम उलटा होता. अर्थात आजार अतिशय वेगाने वाढत असेल, किंवा रुग्णाला इम्युनोथेरपी देणे धोक्याचे असेल, तर गोळ्यांनी सुरुवात करणे योग्य ठरू शकते. मुद्दा एवढाच की हा निर्णय सवयीने नव्हे, विचार करून घेतला गेला पाहिजे.

शस्त्रक्रियेचीही तीच गोष्ट आहे. लसिकाग्रंथीत हाताला लागणारी गाठ दिसली की ती आधी काढून टाकावी, ही सर्जनची आणि नातेवाइकांची स्वाभाविक प्रवृत्ती असते. परंतु काढता येण्याजोग्या तिसऱ्या टप्प्यातील, म्हणजे जवळच्या लसिकाग्रंथींपर्यंत पोचलेल्या, मेलानोमात शस्त्रक्रियेपूर्वी इम्युनोथेरपी देणे अधिक लाभदायक असल्याचे दोन चाचण्यांनी दाखवले आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एस १८०१ चाचणीत आधी पेम्ब्रोलिझुमॅब घेऊन मग शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ७२ टक्के रुग्ण दोन वर्षे आजार न बळावता राहिले, आणि तेच औषध फक्त शस्त्रक्रियेनंतर घेतलेल्यांपैकी ४९ टक्के. २०२४ च्या नाडिना चाचणीत शस्त्रक्रियेपूर्वी दुहेरी इम्युनोथेरपीचे दोनच डोस देण्यात आले आणि एक वर्षानंतरचे हे प्रमाण सुमारे ८४ विरुद्ध ५७ टक्के असे निघाले. गाठ एकदा कापून टाकली की ही संधी परत येत नाही. म्हणून पहिल्या शस्त्रक्रियेची तारीख ठरण्याआधी मेडिकल ऑन्कोलॉजिस्ट (औषधांनी कर्करोगावर उपचार करणारा तज्ज्ञ) आणि सर्जन एकत्र बसले होते का, हा प्रश्न कोणत्याही रुग्णालयात संकोच न करता विचारावा.

या कसोटीवर विशेष केंद्र उजवे ठरते, यात शंका नाही. तेथे ट्यूमर बोर्डाच्या नियमित बैठकीत सर्जन, मेडिकल व रेडिएशन ऑन्कोलॉजिस्ट, पॅथॉलॉजिस्ट आणि रेडिओलॉजिस्ट एकाच रुग्णाची फाइल समोर ठेवून बोलतात. जवळच्या रुग्णालयातही असा बोर्ड असू शकतो. पण तेथे स्तन, फुप्फुस आणि आतड्याच्या कर्करोगांची रांग असताना मेलानोमाचा रुग्ण क्वचितच येतो, आणि दुर्मीळ आजारात वाचनापेक्षा हाताखालून गेलेल्या रुग्णांची संख्या अधिक शिकवते. नेदरलँड्समध्ये याच कारणासाठी प्रगत मेलानोमाचे उपचार देशभरातील १४ रुग्णालयांत एकवटले आहेत आणि तेथील रुग्णांची माहिती एका राष्ट्रीय नोंदवहीत ठेवली जाते.

स्लाइड दुसऱ्यांदा पाहणे

मेलानोमा हे एका आजाराचे नाव वाटत असले तरी त्यात बरेच वेगळे आजार सामावलेले आहेत. तळहात, तळपाय किंवा नखाखाली होणारा मेलानोमा, नाक, तोंड वा गुदमार्गाच्या आतील अस्तरात होणारा मेलानोमा आणि डोळ्याच्या आत होणारा मेलानोमा यांचे वागणे उन्हाने भाजलेल्या त्वचेवरील मेलानोमापेक्षा निराळे असते. पहिल्या दोन प्रकारांत बीराफमधील बदल कमी वेळा आढळतो आणि किट जनुकातील बदल शोधणे उपयोगी पडते; इम्युनोथेरपीचा प्रतिसादही त्यांत तुलनेने कमी असतो. डोळ्यातील मेलानोमा बहुधा यकृतात पसरतो, आणि त्याच्यासाठी २०२२ मध्ये मान्यता मिळालेले टेबेन्टाफस्प हे औषध ठरावीक ऊतिप्रकार असलेल्या रुग्णांनाच चालते, म्हणजे त्यासाठी रक्ताची वेगळी तपासणी लागते. हे प्रकार ज्यांना झाले आहेत, त्यांच्या बाबतीत माझे मत स्पष्ट आहे : फक्त जवळच्या रुग्णालयावर विसंबून राहू नये. इतरांनीही बायोप्सीच्या स्लाइड एकदा त्वचाविकृतींचा अनुभव असलेल्या पॅथॉलॉजिस्टकडून पाहून घ्याव्यात. त्यासाठी रुग्णाला प्रवास करावा लागत नाही, स्लाइड आणि मेणाचा ब्लॉक (गाठीचा तुकडा मेणात जपून ठेवलेला नमुना) पाठवले तरी पुरते.

रात्री अकरा वाजताचा फोन

आता तुलनेची दुसरी बाजू, आणि येथे दूरच्या नामांकित केंद्राचे पारडे हलके होऊ लागते. इम्युनोथेरपीची औषधे शरीराच्या प्रतिकारशक्तीवरचा लगाम सैल करतात, त्यामुळे ती शक्ती कर्करोगाबरोबर स्वतःच्या आतड्यावर, यकृतावर, फुप्फुसांवर, थायरॉइडवर किंवा मेंदूतील पीयूषग्रंथीवरही उलटू शकते. दुहेरी उपचारात गंभीर दुष्परिणाम निम्म्याहून अधिक रुग्णांना होतात. चेकमेट ०६७ मध्ये हे प्रमाण ५९ टक्के होते, आणि एकट्या निव्होलुमॅबमध्ये साधारण चौथा हिस्सा. यांतील बहुतेक दुष्परिणाम वेळेवर स्टिरॉइड दिल्यास आटोक्यात येतात, पण 'वेळेवर' या शब्दाचा अर्थ येथे तासांत किंवा एखाद्या दिवसात असा आहे.

अतिसाराचे उदाहरण घेऊ. नेहमीपेक्षा चार-सहा वेळा जास्त शौचास होऊ लागले, तर सामान्य डॉक्टर पोट बिघडले असे समजून जुलाब थांबवण्याची गोळी देतो आणि दोन दिवस वाट पाहायला सांगतो. इम्युनोथेरपीच्या रुग्णात तोच आतड्याचा दाह असू शकतो, ज्याला स्टिरॉइड लागते, ते कित्येक आठवड्यांत हळूहळू कमी करावे लागते आणि ते पुरेसे ठरले नाही तर इन्फ्लिक्सिमॅबसारखे औषध द्यावे लागते. हृदयाच्या स्नायूचा दाह शंभरात एखाद्यालाच होतो, पण होतो तेव्हा जिवावर बेततो. धाप, छातीत दुखणे किंवा पापण्या अचानक खाली येणे ही त्याची चिन्हे असू शकतात. अशा वेळी पाचशे किलोमीटरवरचे उत्तम केंद्र उपयोगी पडत नाही. उपयोगी पडते ते वीस मिनिटांवरचे असे रुग्णालय, ज्याच्या तातडीच्या विभागाला 'हा रुग्ण इम्युनोथेरपीवर आहे' या वाक्याचा अर्थ कळतो. जवळचे रुग्णालय निवडताना तेथे पोटविकार, फुप्फुस, हृदय आणि अंतःस्रावी ग्रंथींचे तज्ज्ञ आहेत का, आणि त्यांनी असे दुष्परिणाम हाताळले आहेत का, हे विचारणे कर्करोगतज्ज्ञाच्या पदव्या मोजण्याइतकेच महत्त्वाचे आहे.

येथे एक गोष्ट मध्येच सांगितली पाहिजे. औषध बंद होईल या भीतीने अनेक रुग्ण दुष्परिणाम लपवतात. प्रत्यक्षात दुहेरी इम्युनोथेरपीच्या सुरुवातीच्या डोसांत दुष्परिणामांमुळे उपचार थांबवावे लागलेल्या रुग्णांना एकंदरीत मिळालेला लाभ, उपचार चालू राहिलेल्यांपेक्षा कमी नव्हता. जे पथक ही गोष्ट पहिल्याच भेटीत स्वतःहून सांगते, त्याला या औषधांचा खरा अनुभव आहे असे समजायला हरकत नाही.

जे फक्त मोठ्या केंद्रातच मिळते

पहिली इम्युनोथेरपी निष्फळ ठरली तर तुलना पुन्हा बदलते. रुग्णाच्या गाठीतील लढाऊ पेशी काढून, त्या प्रयोगशाळेत वाढवून परत शरीरात सोडण्याचा उपचार, ज्यातील लिफिल्युसेल या उत्पादनाला फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली, मोजक्या केंद्रांतच होतो आणि त्यासाठी रुग्णालयात काही आठवडे राहावे लागू शकते. क्लिनिकल ट्रायल, म्हणजे नव्या उपचारांच्या रुग्णांवरील चाचण्याही, बहुतांशी अशाच ठिकाणी चालतात. ट्रायल म्हणजे शेवटचा उपाय, ही समजूत येथे नुकसान करते, कारण काही ट्रायलमध्ये आधी कोणताही उपचार न घेतलेले रुग्णच चालतात आणि घाईने सुरू केलेला एक डोस तो दरवाजा बंद करतो. मेंदूत गाठी असतील तर नेमक्या जागी किरणोत्सर्ग देण्याची सोय आणि मेंदूचे सर्जन एका छताखाली असणे फार मोलाचे असते. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी २०१५ मध्ये, नव्वदी गाठलेली असताना, मेलानोमा यकृतात व मेंदूत पसरल्याचे जाहीर केले; त्यांच्या यकृतावर शस्त्रक्रिया झाली, मेंदूतील गाठींना रेडिएशन मिळाले आणि सोबत पेम्ब्रोलिझुमॅब दिले गेले. ते डिसेंबर २०२४ पर्यंत, वयाच्या शंभराव्या वर्षापर्यंत जगले. एका व्यक्तीवरून निष्कर्ष काढू नये, पण तीन वेगवेगळ्या तज्ज्ञांचे काम एकमेकांत बसणे म्हणजे काय, हे त्यातून दिसते.

वाटणीचा मार्ग, आणि तो कोठे फसतो

बहुतेक रुग्णांसाठी तिसरा मार्ग मला सर्वांत व्यवहार्य वाटतो. पेम्ब्रोलिझुमॅब सहा आठवड्यांतून एकदा आणि एकटे निव्होलुमॅब चार आठवड्यांतून एकदा देता येते. ही सलाइन जवळच्या डे-केअर विभागातही तितक्याच सुरक्षितपणे लागते. दुहेरी उपचाराचे पहिले चार डोस तीन-तीन आठवड्यांच्या अंतराने असतात आणि दुष्परिणामांचा जोर त्याच काळात अधिक असतो, म्हणून ते बारा आठवडे कोठे राहायचे, हे आधी ठरवावे.

मात्र दोन घरचा पाहुणा उपाशी, ही म्हण या मार्गाला तंतोतंत लागू पडते. यकृताच्या तपासणीतील आकडे वाढले तर जवळचा डॉक्टर केंद्राच्या उत्तराची वाट पाहतो, केंद्राला वाटते की त्याने स्टिरॉइड सुरू केलेच असेल, आणि मधल्या चार दिवसांना कोणीच वाली नसतो. हे टाळण्यासाठी पुढील डोस द्यायचा की थांबवायचा हे कोण ठरवणार, आणि रात्री कोणत्या क्रमांकावर फोन करायचा, या दोन गोष्टी लेखी घ्याव्यात. स्कॅन शक्यतो एकाच ठिकाणी, एकाच रेडिओलॉजिस्टने वाचावेत. इम्युनोथेरपीत कधी कधी गाठी कमी होण्याआधी फुगतात, किंवा निरुपद्रवी लसिकाग्रंथी सुजून पेट-सीटीवर चमकतात, आणि नवख्या डोळ्यांना ती आजाराची वाढ वाटते. जवळचा डॉक्टर 'तुम्ही तिकडे विचारून आलात तर मी उपचार करणार नाही' असे म्हणत असेल, तर ही वाटणी तेथे चालणार नाही, एवढे निश्चित समजावे.

कोणी कोणता मार्ग धरावा

प्रकृती खालावलेली असेल आणि प्रवास सोसवत नसेल, तर रुग्णाला न हलवता अहवाल व स्लाइड पाठवून विशेष केंद्राचे मत दूरसंवादाने घ्यावे आणि उपचार जवळच करावेत. मेंदूत आजार असलेल्यांनी, दुर्मीळ प्रकार असलेल्यांनी आणि पहिला उपचार निष्फळ ठरलेल्यांनी काही काळ तरी केंद्राजवळ राहण्याची तयारी ठेवावी. उरलेल्या सर्वांनी पहिला निर्णय केंद्रात आणि औषधे घराजवळ, ही रचना आधी तपासून पाहावी. वेदना, थकवा आणि मनावरचा ताण सांभाळणारे उपशामक उपचारांचे तज्ज्ञ पथकात पहिल्यापासून आहेत का, हेही पाहावे. त्यांना फक्त शेवटी बोलावणारे पथक, बाकी सगळे चांगले असले तरी, अपुरेच आहे.

दुसरे मत घेण्यासाठी एक-दोन आठवडे लागले तर बहुतेक वेळा नुकसान होत नाही. डोकेदुखी, झटके, वेगाने वाढणारी धाप किंवा रक्तातील एलडीएचची (आजाराचा जोर दाखवणाऱ्या एका विकराची) झपाट्याने होणारी वाढ असेल, तर मात्र तेवढे थांबू नये. या दिवसांत मूळ बायोप्सीचा अहवाल, बीराफ व इतर जनुकांची तपासणी, संपूर्ण शरीराचा स्कॅन आणि मेंदूचा एमआरआय तयार ठेवावा, स्कॅनच्या छापील अहवालाबरोबर प्रतिमांची सीडीही मागून घ्यावी, आणि मेणाचा ब्लॉक कोठे पाठवला आहे याची तारखेसह नोंद घरात एका वहीत करून ठेवावी, कारण पुढच्या जनुकतपासणीसाठी तोच ब्लॉक पुन्हा लागतो.