हवानळी की दोन लॉगर: लूणीकाठच्या निरीक्षण विहिरींसाठी निवड करताना

राजस्थानातल्या लूणी नदीच्या पात्रालगत पिझोमीटर, म्हणजे भूजलपातळी पाहण्याच्या अरुंद विहिरी, खोदून झाले, की खरेदीच्या यादीतला एक रकाना बरेच दिवस रिकामा राहतो. पाणीपातळी आपोआप नोंदवणारा लॉगर हवानळीचा, म्हणजे व्हेंटेड घ्यावा, की सीलबंद लॉगर घेऊन त्याच्या जोडीला हवेचा दाब नोंदवणारा वेगळा बॅरो लॉगर ठेवावा, हा तो प्रश्न. दाबसंवेदक कसा चालतो, त्याची अचूकता किती टक्के आणि बॅटरी किती वर्षे टिकते, हे वाचकाला ठाऊक असावे असे मी धरून चालतो. दोन्ही प्रकारांच्या माहितीपत्रकांत हे आकडे जवळजवळ सारखेच असतात आणि निर्णय त्यांवर होत नाही. मी दोन्ही प्रकार वापरले आहेत आणि अखेर एकाकडे वळलो आहे. माझा अनुभव मोजक्याच विहिरींचा असल्यामुळे तो अंतिम मानू नये, परंतु ज्या कारणाने माझा निर्णय झाला ते कारण मरुभूमीतल्या नदीशी इतके घट्ट जोडलेले आहे की ते सविस्तर सांगणे मला आवश्यक वाटते.

लूणी अजमेरजवळच्या अरवलीत उगम पावते आणि सुमारे ४९५ किमी वाहून कच्छच्या रणात विरते. वाहते हे क्रियापद वर्षातल्या थोड्याच दिवसांना लागू पडते. एरवी पात्र कोरडेच असते आणि त्यातली बजरी, म्हणजे जाड वाळू, ट्रॅक्टरमधून जात असते. बाडमेर जिल्ह्यात वर्षाचा सरासरी पाऊस ३०० मिमीहून कमी, त्यामुळे गाळाच्या जलधराला, म्हणजे पाणी धरून ठेवणाऱ्या थराला, मिळणाऱ्या पाण्याचा मोठा वाटा पुराच्या त्या मोजक्या दिवसांत वाळूतून खाली उतरतो. केंद्रीय भूजल मंडळ वर्षातून चार वेळा पातळ्या मोजते: जानेवारीत, मान्सूनपूर्व काळात, ऑगस्टमध्ये आणि नोव्हेंबरमध्ये. प्रादेशिक कल समजण्यासाठी ही पद्धत उत्तमच आहे, पण तीन दिवसांत येऊन ओसरलेला पूर या चार बिंदूंच्या मधून निसटतो, आणि म्हणूनच लॉगर लागतो.

माझा हात बसला तो महाराष्ट्रातल्या बेसॉल्टमध्ये. १९९५ साली सुरू झालेल्या जलविज्ञान प्रकल्पात महाराष्ट्र पहिल्यापासून होता आणि आमच्या पिढीतल्या अनेकांनी स्वयंचलित लॉगर पहिल्यांदा हाताळले ते त्याच वातावरणात. तिथल्या विहिरीची पातळी मे ते ऑक्टोबर या काळात कित्येक मीटर वर येते, त्यामुळे तीन सेंटिमीटर इकडे किंवा तिकडे झाल्याने कोणी विचारत नाही. लूणीकाठी मात्र पात्रापासून किलोमीटरभर दूर असलेल्या माझ्या एका विहिरीत पुरानंतरची वाढ कशीबशी वीतभर होती. भूजल अंदाज समितीच्या १९९७ च्या निकषांत वालुकामय गाळासाठी स्पेसिफिक यील्ड, म्हणजे पातळीच्या वाढीतला प्रत्यक्ष पाण्याचा वाटा, १६ टक्के धरले आहे. त्या हिशेबाने तीन सेंटिमीटरची चूक म्हणजे पुनर्भरणाच्या आकड्यात जवळजवळ पाच मिलिमीटरची चूक. जिथे वर्षाचे पुनर्भरणच मिलिमीटरांत सांगावे लागते तिथे ही चूक सोडून देता येत नाही. पाण्यात टांगलेल्या संवेदकावर पाण्याबरोबर वरच्या हवेचाही दाब पडतो. हवेच्या दाबातला एक हेक्टोपास्कलचा फरक साधारण एक सेंटिमीटर पाण्याइतका असतो, आणि वाळवंटात दाब रोजच्या रोज तीनचार हेक्टोपास्कलने वरखाली होतो. तेव्हा हवेचा दाब कोणत्या मार्गाने वजा करायचा, एवढ्यावरच या दोन यंत्रांतली निवड उभी आहे.

व्हेंटेड लॉगरची बाजू आधी मांडतो, कारण सुरुवातीला मी त्याच बाजूचा होतो. त्याच्या केबलमध्येच एक बारीक नळी असते, ती वरच्या हवेला उघडी असते आणि त्यामुळे वातावरणाचा दाब जागच्या जागी वजा होतो. विहिरीवर जाऊन लॅपटॉप जोडला की समोर येणारा आकडा थेट पाण्याचा असतो; टेपने घेतलेल्या मापाशी तो तिथेच उभ्या उभ्या पडताळता येतो. दुसरी फाइल नाही, वेळा जुळवणे नाही, कार्यालयात परतल्यावर करायची वजाबाकी नाही. केबल वरपर्यंत येत असल्यामुळे दूरसंदेशाची जोडणीही सोपी जाते. पंपिंग चाचणीसारख्या दोनतीन दिवसांच्या कामाला मी आजही व्हेंटेडच नेतो आणि त्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही.

तक्रार आहे ती सिलिका जेलच्या त्या छोट्याशा कुपीबद्दल. नळीत ओलावा शिरू नये म्हणून तिच्या वरच्या टोकाला ही कुपी बसवलेली असते. जेल निळी असेपर्यंत ठीक, गुलाबी झाली की बदलायची. वाळवंटात ओलावा कुठला, असे मला वाटले होते आणि विक्रेत्यानेही तसेच सांगितले. ऑक्टोबर ते जून हे खरेही आहे. माझी जेल मार्चमध्ये बसवली तशीच मेमध्ये निळी होती. परंतु विहिरीच्या नळकांड्यातली हवा बारा महिने दमट असते, विहीर दाबाच्या चढउताराबरोबर श्वास घेते आणि ही दमट हवा झाकणाखाली, नेमकी कुपीच्या भोवती येऊन साठते. त्यात जुलैमध्ये बाहेरची हवाही दमट झाली, की जेल काही आठवड्यांतच गुलाबी होते. हे आठवडे म्हणजे नदीला पाणी येण्याचेच आठवडे. समदडीच्या आसपास माझ्या निम्म्या विहिरी पलीकडच्या काठावर होत्या. नदी वाहू लागली की रपट, म्हणजे पात्रातला बुटका रस्ता, पाण्याखाली जाते आणि पलीकडे जाण्यासाठी इतका मोठा वळसा पडतो की दिवस त्यातच सरतो. म्हणजे ज्या दिवसांसाठी हा सगळा खटाटोप मांडला, त्याच दिवसांत कुपी बदलणे आवश्यक असते आणि त्याच दिवसांत कुपीपर्यंत पोहोचता येत नाही.

नळीत पाण्याचा एक थेंब जमला तरी पुरतो. थेंबाने नळी बंद झाली, की यंत्र बंद पडत नाही, इशारा देत नाही, आकडे नेमाने येत राहतात. पलीकडच्या काठावरच्या एका बेऱ्याच्या, म्हणजे विहिरीच्या, आलेखात मला पुरानंतर रोजची लाट दिसू लागली. आसपास शेतीचे पंप होते आणि वीज ठरावीक तासांनाच येत असल्यामुळे ती लाट पंपांची आहे, असे समजून मी तसे टिपणही लिहून ठेवले. काही दिवसांनी लक्षात आले की शिखर रोज सकाळी दहाच्या सुमारास आणि पुन्हा रात्री दहाच्या सुमारास येते, तर खळगा पहाटे चारला आणि दुपारी चारला. पाऊस होऊन गेल्यावर त्या शेतांत कोणी पंप चालवतही नव्हते. उष्ण कटिबंधातल्या हवेच्या दाबाचे हे रोजचे वेळापत्रक आहे. ज्याने कधी हवेच्या दाबाचा आलेख काढणाऱ्या बॅरोग्राफचा कागद पाहिला आहे त्याला ते पाठ असते. माझी विहीर पाण्याची पातळी सोडून बॅरोमीटर झाली होती.

रोजची लाट गाळून टाकता आली असती, तो प्रश्न मोठा नव्हता. लूणीच्या खोऱ्यात मोठा पाऊस बहुधा बंगालच्या उपसागरातून पश्चिमेकडे सरकत आलेल्या कमी दाबाच्या पट्ट्यामुळे पडतो, आणि असा पट्टा डोक्यावर आला की हवेचा दाब सहजच पाचसहा हेक्टोपास्कलने उतरतो. नळी बंद असलेला लॉगर ही घट पाण्याच्या पातळीतली घट म्हणून लिहितो. म्हणजे पुराचे पाणी वाळूतून उतरून पातळी खरोखर वर येत असताना, तिच्यावर पाचसहा सेंटिमीटरची खोटी उतरण स्वार होते. वेधशाळेकडून दाबाच्या नोंदी घेऊन नंतर दुरुस्ती करावी म्हटले, तर नळी नेमकी कोणत्या तासाला बंद झाली हे कळायला मार्ग नाही, आणि आत कोंडलेली हवा तापमानाबरोबर फुगते-आकसते ती गोष्ट वेगळीच. त्या हंगामातल्या दोन आठवड्यांच्या नोंदी मी अखेर वापरल्या नाहीत. कुपी मोठी घेतली असती, विहिरीच्या तोंडापासून दूर पेटीत बसवली असती, तर कदाचित हे टळले असते. काही सहकारी तसे करतात आणि त्यांचे बरे चालले आहे, हेही नमूद करायला हवे.

सीलबंद लॉगर हवा आणि पाणी यांचा एकत्रित दाब नोंदवतो. हवेच्या बाजूने त्यात काही शिरायला जागाच नसल्यामुळे बिघडण्यासारखे थोडेच उरते. वजाबाकी आपण करतो, आणि ती चुकली तर पुन्हा करता येते, कारण दोन्ही मूळ नोंदी हाती असतात. हवेच्या दाबाची सलग नोंद ही वेगळी मिळकत आहे: बंदिस्त, म्हणजे वर अभेद्य थर असलेल्या, जलधराच्या विहिरीत दाब वाढल्यावर पाणी किती खाली जाते हे तिच्यावरून काढता येते आणि जलधर कितपत बंदिस्त आहे याचा अंदाज येतो. खोल पाण्याच्या ठिकाणी खर्चातही फरक पडतो. व्हेंटेड केबलचे पैसे मीटरवर मोजावे लागतात, सीलबंद लॉगरला स्टेनलेस स्टीलची तार पुरते. (नायलॉनची दोरी मात्र टाळावी. ती ताणली जाते, लॉगर खाली सरकतो आणि भूजल वाढल्याचा भास निर्माण होतो.)

त्याचे त्रास मी लपवत नाही. विहिरीवर दिसणारा आकडा निरुपयोगी असतो, त्यामुळे पडताळणी कार्यालयात परतल्यावरच होते. नोंदी काढण्यासाठी लॉगर दरवेळी वर ओढावा लागतो आणि पुन्हा त्याच खोलीवर टांगला गेला की नाही याची धाकधूक राहते. लॉगरचे घड्याळ आणि बॅरोचे घड्याळ काही मिनिटांनी वेगळे पडते. दोन संवेदकांच्या चुका एकत्र येतात, म्हणून कागदावर तो किंचित कमी अचूक ठरतो. बॅरो कुठे ठेवावा हाही विचाराचा भाग आहे: उन्हात तापणाऱ्या पेटीत ठेवला तर तापमानाची चूक शिरते, पात्रालगतच्या विहिरीत टांगला तर पुरात बुडू शकतो. मी तो काठापासून दूर, उंचवट्यावरच्या विहिरीत, कधीही पाणी येणार नाही इतक्या वर टांगतो. सपाट प्रदेशात एक बॅरो सुमारे ३० किमी त्रिज्येतल्या विहिरींना पुरतो असे उत्पादक म्हणतात, आणि माझ्या पाहण्यात ते खरे ठरले आहे. उंचीतल्या फरकामुळे येणारी चूक जवळपास स्थिर असते, ती टेपच्या मापाने निघून जाते.

खारेपणाचा प्रश्न दोघांनाही सारखाच छळतो. बालोतऱ्यापर्यंत लूणी गोडी आणि पुढे खारी, असे तिच्याबद्दल म्हटले जाते. भूजलही पुढे बहुतेक ठिकाणी तसेच आहे. लिटरमागे १० ग्रॅम क्षार असतील तर पाण्याची घनता सुमारे पाऊण टक्क्याने वाढते आणि लॉगरवर १० मीटर पाणी असल्यास वाचन सातआठ सेंटिमीटरने फुगते. त्यावर उपाय एकच, विद्युतवाहकता मोजून घनता दुरुस्त करणे, आणि लॉगर गरजेपेक्षा खोल न टांगणे.

ज्यांना पातळी ताबडतोब कार्यालयात दिसायला हवी आहे, ज्यांच्याकडे दर पंधरवड्याला विहिरीवर जाणारा माणूस आहे आणि ज्यांची विहीर रपटेच्या अलीकडे आहे, त्यांनी व्हेंटेड घ्यायला हरकत नाही. वजाबाकीच्या कटकटीतून ते सुटतील. माझ्या विहिरींवर मात्र आता सीलबंद लॉगरच आहेत, आणि बॅरो एक नसून दोन आहेत, नदीच्या दोन्ही काठांवर एकेक. दुसरा बॅरो ही चैन आहे असे खरेदी विभागाचे म्हणणे होते. पण सगळ्या विहिरींची वजाबाकी एकाच यंत्रावर अवलंबून असते आणि ते बंद पडले तर पुराच्या दिवसांत त्याच्यापर्यंतही रपट ओलांडूनच जावे लागेल, हे नकाशावर बोट ठेवून दाखवल्यावर तो मंजूर झाला.